कालवडीच्या मोडलेल्या पायाविषयीच्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार. आमच्या जनावरांच्या दवाखान्याबद्दलचा आपला अभिप्राय आम्ही लक्षपूर्वक वाचला. गाय विताना अडल्यामुळे दोर लावून ओढताना कालवडीच्या पुढच्या पायाची नळी गुडघ्याखाली मोडली. आम्ही शस्त्रक्रिया न करता नुसते प्लास्टर केले, तेही मोडीपुरते न ठेवता खुरापासून थेट कोपराखालपर्यंत. तीन आठवड्यांनी ते बदलण्याचे पुन्हा पैसे घेतले. आणि आता प्लास्टर निघाल्यावर पाय खुरावरच्या सांध्यात खाली बसतो व मोडीच्या जागी गाठ लागते, असे आपले म्हणणे आहे. पाय मोडलेला असताना आम्ही नाळ तपासत बसलो, हीही आपली तक्रार आहे.

शस्त्रक्रिया टाळण्याचा निर्णय खर्च वाचवण्यासाठी नव्हता. कातडी फाटलेली नव्हती, हाड बाहेर आलेले नव्हते आणि खुराला ऊब होती, म्हणजे रक्तपुरवठा शाबूत होता. अशी बंद मोड इतक्या लहान वासरात प्लास्टरमध्ये चार ते सहा आठवड्यांत बहुधा चांगली जुळते. ती उघडली असती तर जंतुसंसर्गाला वाट मिळाली असती. मांडीच्या हाडाची गोष्ट वेगळी, कारण तिथे वरचा सांधा प्लास्टरने जखडताच येत नाही. नळीच्या मोडीत मात्र वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे स्थिर करता येतात आणि करावेच लागतात. प्लास्टर नळीच्या मध्यावर संपवले असते, तर उभे राहताना सगळा ताण त्याच्या काठाशी येऊन हाड पुन्हा हलले असते. शिवाय या वयात वासरू इतक्या झपाट्याने वाढते, की पहिले प्लास्टर तीन आठवड्यांत घट्ट होऊन कातडीला काचू लागते. म्हणून ते बदलावे लागते, आणि दुसऱ्या वेळी पैसे घेतले ते नव्या साहित्याचे होते.

नाळेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आमच्या मते त्या दिवशीची ती सर्वांत महत्त्वाची तपासणी होती. पाय मोडलेले वासरू उठून आचळापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे चीक, म्हणजे गाय व्याल्यानंतरचे पहिले दूध, कमी पडतो किंवा उशिरा मिळतो, आणि चिकातून येणारी रोगप्रतिकारशक्ती पहिल्या दिवसानंतर आतड्यातून रक्तात शोषली जात नाही. त्यातच ते ओल्या जमिनीवर पडून राहिले तर ओल्या नाळेतून जंतू रक्तात शिरतात आणि गुडघ्यात किंवा मागच्या ढोपरात पू धरतो. असा सुजलेला सांधा मोडलेल्या नळीपेक्षा बरा करायला कितीतरी अवघड असतो. म्हणूनच आम्ही बोटांनी नाळ चाचपली, ती जाड किंवा गरम लागते का हे पाहिले, आयोडीन लावले आणि चीक कधी, किती पाजला हे आपल्याला पुन्हा पुन्हा विचारले.

जी गाठ हाताला लागते ते जुळत आलेल्या हाडाभोवती तयार झालेले नवे हाड असते. ती कडक असेल, दाबल्यावर दुखत नसेल आणि गरम नसेल, तर काही महिन्यांत पुष्कळशी झिजते. पाय खाली बसतो त्याचे कारणही बहुधा हाड वाकडे जुळणे हे नसते. कित्येक आठवडे भार न पडल्याने पायामागच्या शिरा, म्हणजे स्नायूबंध, सैल पडतात आणि चालते राहिल्यावर हळूहळू ताणात येतात. तरीही हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ठामपणे सांगणे योग्य नव्हे, म्हणून कालवड आणावी. या तपासणीचे व क्ष-किरण चित्राचे शुल्क आकारले जाणार नाही.

आपण मागितलेले वेदनाशामक इंजेक्शन डायक्लोफिनॅकचे होते. ते दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाऊन गिधाडे मरतात म्हणून जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे, आणि ते आम्ही कोणालाही देत नाही. आपल्या कालवडीला मेलॉक्सिकॅम हे दुसरे वेदनाशामक दिले होते.

तपासणीला आणेपर्यंत कालवडीला गुळगुळीत फरशीवर बांधू नये. कोरड्या काडाचा जाड थर देऊन लहान जागेत मोकळे सोडावे आणि गाठीवर मालिश किंवा बांबूच्या कांब्या बांधू नयेत. पायाला वास येऊ लागला, सूज वर चढली किंवा तिने पाय टेकणेच सोडले, तर वेळ न घालवता त्याच दिवशी घेऊन यावे.