साहेब येणार आहेत, चिखल राहू द्या

पुराचं पाणी घरातून ओसरलं की लगेच झाडू हातात घेऊ नका. साहेब पाहणीला येणार आहेत. चिखलच काढलात तर ते पाहणार काय? जर्मनीत 2002च्या महापुरात चान्सलर गेरहार्ड श्रोडर गमबूट घालून पूरग्रस्तांत फिरले आणि पुढच्याच महिन्यात काठावर का होईना, निवडणूक जिंकले. पुसलेल्या फरशीवर गमबुटांचं एवढं चीज होत नाही.

साहेब जमिनीवर उतरतीलच असंही नाही. अमेरिकेत 2005 मध्ये कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्स शहरातले लोक छपरांवर अडकले होते आणि अध्यक्ष बुश विमानाच्या खिडकीतून खाली बघत होते. यात रुसण्यासारखं काही नाही. छपरावर चढलाच आहात, तर जरा मोठ्यानं बोला.

दारात आलेच, तर ते तुमचा हात हातात घेतील. घेऊ द्या. ऑस्ट्रेलियातल्या वणव्यानंतर 2020 मध्ये कोबार्गो गावात एका बाईनं हात पुढे करायला नकार दिला, तर पंतप्रधान मॉरिसन यांना तिचा हात स्वतःच उचलून घ्यावा लागला. मोठ्या माणसाला किती तो त्रास! काय काय वाहून गेलं ते सांगत बसू नका, दुसऱ्या वाक्याला त्यांचे सचिव घड्याळ बघतात. तंबूत झोपावं लागतंय ही तक्रार तर नकोच. इटलीत लाक्विलाच्या भूकंपानंतर पंतप्रधान बेर्लुस्कोनींनी बेघरांना सुचवलंच होतं, की शनिवार-रविवारच्या सहलीला आलोय असं समजा.

आणि हो, चिखल राहू द्या म्हटलं ते फेकण्यासाठी नव्हे. स्पेनमध्ये 2024 साली पुरानंतर पायपोर्ता गावच्या लोकांनी तो थेट राजाच्या अंगावर फेकला. का, तर मोबाइलवर धोक्याचा इशारा रात्री आठनंतर आला आणि पाणी त्याआधीच घरात शिरलं होतं. एवढ्याशा उशिरासाठी?

'हे आधी का नाही केलंत?' एवढं मात्र कुणी विचारू नका. अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा या अभ्यासकांनी 2009 मध्ये अमेरिकी मतदानाचे आकडे तपासले. आपत्तीनंतर मदत वाटणाऱ्याला मतं मिळतात, आधी तयारी करणाऱ्याला मिळत नाहीत. वास्तविक तयारीवरचा एक डॉलर पुढचं सुमारे 15 डॉलरचं नुकसान वाचवतो, असा त्यांचाच अंदाज. म्हणजे साहेबांच्या कानांत काही बिघाड नाही. मतपेटीतून सांगितलेलं त्यांनी शब्दन् शब्द ऐकलं आहे. कोरड्या बंधाऱ्यावर गमबूट घालून उभं राहिलं तर लोक हसतील, हेही त्यांना कळतं.

गाड्या निघाल्या? आता घ्या झाडू. पण त्या वळणापलीकडे गेल्याची खात्री करून मगच. एखाद्या वाहिनीचा कॅमेरा उशिरा पोचला, तर साहेब पुन्हा हळहळायला परत येतात.