हिंगावरचं टिंब

आमच्या नौपाड्यातल्या स्वयंपाकघरात मोहरी कुठे आहे, हे सासूबाईंना डोळे मिटूनही कळतं. तरी डब्यांवर छान अक्षरांत नावं हवीत असं माझ्या मनाने घेतलं आणि घरात कागद-स्टिकरमधून अक्षरं कापून देणारं कटिंग मशीन आलं. एवढ्या पैशांत तीन पिढ्यांची मोहरी आली असती, असं नवऱ्याने हिशोब करून सांगितलं. हा माणूस एरवी दुधाचा हिशोबही ठेवत नाही.

खोक्यातून यंत्र निघालं, बारा इंची चिकट मॅट निघाली आणि नखाएवढं पातं. ‘‘कापणार ते हे एवढंसंच?’’ सासूबाई म्हणाल्या. चालू केल्याबरोबर यंत्राने अपडेट मागितलं. माप ओलांडायच्या आत माहेरी फोन लावणारी सूनच म्हणायची.

मॅटवरचं पारदर्शक झाकण मी पॅकिंग समजून कचऱ्यात टाकलं. ते जपून ठेवायचं असतं, नाहीतर धूळ आणि केस बसून मॅटचा चिकटपणा जातो, हे ओला-सुका कचरा गेल्यावर समजलं. चिकटपणा मात्र पहिल्या दिवशी इतका होता, की सरावाचा कागद ओढला तर निम्मा हातात आला, निम्मा तिथेच. कागद ओढायचा नसतो म्हणे. मॅट पालथी घालून मॅटच वाकवायची, कागद आपोआप सुटतो.

मग व्हिनाइल. म्हणजे आपलं रेडियम. रिक्षाच्या मागे ‘आईचा आशीर्वाद’ असतो ना, ते. क्यूरी दांपत्याने १८९८ साली शोधलेल्या रेडियमशी त्याचा काडीचाही संबंध नाही, पण आपल्याकडे चिकटतं आणि चमकतं ते सगळं रेडियमच. यात वरचा थर तेवढा कापायचा आणि खालचा कागद शाबूत ठेवायचा, म्हणून आधी कोपऱ्यात छोटासा चौकोन कापून बघायचा असतो. मी घाईत थेट ‘मोहरी’ला हात घातला, तोही जाड पुठ्ठ्याचं सेटिंग न बदलता. यंत्राने रेडियम कापलं, कागद कापला आणि मॅटही कोरली. ताम्रपटासारखी मोहरी आता तिथे कायमची आहे.

सेटिंग सुधारलं. पुन्हा मोहरी. या वेळी ‘मो’, ‘ह’ आणि ‘री’ कपलिंग तुटलेल्या लोकलच्या डब्यांसारखे सुटे निघाले. शेवटी स्टेशनजवळच्या रेडियमवाल्याकडे गेले.

‘‘मॅडम, वेल्ड केलं का?’’

मला वाटलं, गॅरेजमध्ये पाठवतोय. पण तो बरोबर होता. इंग्रजी छापील अक्षरं फ्लॅटमध्ये राहतात, आपापलं दार लावून. आपली एकाच दोरीवर वाळत घातलेली. यंत्राला ती दोरी दिसत नाही. ते प्रत्येक अक्षराची कडा वेगळी कापतं आणि जिथे एका शिरोरेषेवर दुसरी चढते, नेमकी तिथे सुरी फिरवतं. म्हणून कापण्याआधी ‘वेल्ड’ दाबून सगळा शब्द एकजीव करायचा. ‘‘मी दहा मिनिटांत करून दिलं असतं,’’ तो म्हणाला. किती रुपयांत, ते मी विचारलं नाही. घरी जायचं होतं.

वेल्ड झाल्यावर सगळं सुरळीत कापलं गेलं. उरलं ते अक्षरांभोवतीचं फालतू रेडियम आकड्याने उचलून काढणं. त्यात सासूबाई उतरल्या. मेथी निवडावी तसं त्यांनी सगळं निवडून काढलं. ‘भ’च्या पोटातला कणसुद्धा सोडला नाही. मी ट्रान्सफर टेपने अक्षरं उचलून डब्यांवर दाबली, टेप सोडवली आणि दोन पावलं मागे होऊन बघितलं.

तादूळ. चिच. हिग.

‘‘आई, टिंबं कुठे गेली?’’

‘‘ते खडे होते ना गं? मी काढून टाकले.’’

सत्तर वर्षं तांदूळ निवडलेल्या हातांना काय बोलणार! आम्ही दोघी ओट्याखाली, केरात, एकमेकींच्या कोपरांवर शोधत बसलो. दोन टिंबं सासूबाईंच्या पदराला सापडली. तिसरं रात्री नवऱ्यासोबत परत आलं. शर्टाच्या कॉलरवर बसून ते सकाळी लोकलने गेलं होतं आणि ऑफिसात त्याला दिवसभर कोणी काही बोललं नव्हतं.

ते तांदळाचं, चिंचेचं की हिंगाचं, यावर जेवण होईपर्यंत चर्चा चालली. नवऱ्याने वास घेऊनही बघितला.