आजी बारीक होती, कारण ती शेवटी जेवायची

तो मेसेज आठवड्यातून एकदा तरी माझ्या फोनवर येतो. कधी माहेरच्या ग्रुपवर, कधी सोसायटीच्या. मागच्या महिन्यात तर आम्हा केमिस्ट लोकांच्या ग्रुपवरही आला. वर जात्यावर दळणाऱ्या नऊवारीतल्या बाईचं चित्र आणि खाली मजकूर. त्याचं सार सांगते. आपल्या आज्या दळायच्या, कांडायच्या, पाणी शेंदायच्या, म्हणून त्यांच्यात कुणी जाड नव्हतं. आताच्या बायकांना मिक्सर हवा, कामाला बाई हवी आणि वर वजन उतरवायला इंजेक्शन हवं. जाडी हा आजार नाही, आळस आहे. चार महिने सुई टोचून घेतली की काम झालं, असला हा शॉर्टकट. त्यापेक्षा रात्री इसबगोल घ्या, तेच घरगुती ओझेम्पिक (ओझेम्पिक हे अशाच एका इंजेक्शनाचं नाव). आणि शेवटची ओळ ठळक अक्षरांत: बारीक बाई तीच निरोगी बाई, आता सबब सांगू नका.

माझं मेडिकलचं दुकान आहे, एकवीस वर्षं झाली. ही इंजेक्शनं माझ्याच फ्रिजमधून जातात, आणि इसबगोलही माझ्याच फळीवर आहे. तेव्हा उत्तर द्यायचा थोडाफार हक्क आहे असं मी धरून चालते.

आधी आजी. माझी आजी खरंच बारीक होती. दळायची हेही खरं. पण फॉरवर्डच्या चित्रात न आलेली एक गोष्ट आहे. आधी पुरुषांची पंगत, मग पोरं, मग सासू, आणि मग पातेल्याच्या बुडाशी जे राहील ते आजीचं. परातीतल्या पिठाचा शेवटचा गोळा नेहमी लहान व्हायचा. त्या तळहाताएवढ्या भाकरीला आम्ही पोरं ‘आजीची भाकरी’ म्हणायचो आणि हसायचो. ती बारीक होती त्यात जात्याचा वाटा किती आणि त्या भाकरीचा किती, हे कुणी मोजलेलं नाही.

मोजलं ते पुढच्या पिढ्यांचं, आणि आपल्या पुण्याजवळच. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांमधल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. या बायका शेतात राबणाऱ्या, फॉरवर्डमधल्या चित्रात शोभतील अशा, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सरासरी 18 च्या आसपास. त्यांची बाळं जन्मली सरासरी 2.7 किलोची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं होती 3.5 किलोची. इथपर्यंत अपेक्षित होतं. चकित करणारी गोष्ट पुढे निघाली. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे दिसायला बारीक आणि आतून चरबीवालं शरीर आईच्या पोटातूनच घडून येत होतं. मोठेपणी शुगर आणि हृदयाचे आजार लवकर गाठतात त्याची एक मुळी इथे आहे.

2004 मध्ये याज्ञिकांनी आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघं शेजारी उभे, दोघांचा बीएमआय 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. काट्यावर दोघं सारखे. हा फोटो मी दुकानात लावायचा विचार बरेचदा केला आहे. म्हणूनच आपल्याकडचे डॉक्टर लठ्ठपणाची रेघ बीएमआय 30 ऐवजी 25 वर धरतात, आणि बाईची कंबर 80 सेंटिमीटरच्या पुढे गेली की सावध होतात, मग ती कितीही ‘बारीक’ दिसो. फॉरवर्डची शेवटची ओळ खरं तर इथेच कोसळते, पण तिच्याकडे मी परत येणार आहे.

दुसरा मुद्दा आळसाचा. 2021 मध्ये सेमाग्लुटाइडची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ओझेम्पिक आणि वेगोव्ही या इंजेक्शनांमधलं औषध ते हेच. 1,961 माणसं, चौघांमागे तीन बायका. सगळ्यांना, अगदी खोटं इंजेक्शन मिळालेल्यांनासुद्धा, रोज 500 कॅलरी कमी पडतील असा आहार आखून दिला होता, आठवड्याला 150 मिनिटांचा व्यायाम सांगितला होता आणि दर चार आठवड्यांनी समुपदेशन होतं. 68 आठवड्यांनी काटा काय म्हणाला? औषधवाल्यांचं वजन सरासरी 14.9 टक्के उतरलं. आहार, व्यायाम, समुपदेशन एवढ्यावरच असलेल्यांचं 2.4 टक्के. म्हणजे 80 किलोच्या बाईचे सव्वा वर्षानंतर दोन किलोही नाहीत. हे सगळे आळशी होते का? सव्वा वर्ष महिन्याच्या महिन्याला येऊन वजन देणारी माणसं आळशी असतील तर मग जिमची वर्षाची फी जानेवारीत भरणाऱ्या आपल्याला काय म्हणायचं!

जेवण पोटात गेलं की आतड्यातून जीएलपी-1 नावाचा संप्रेरक सुटतो. तो मेंदूला सांगतो, बास. पण तो दोनेक मिनिटांत विरघळून जातो. औषधातली त्याची नक्कल आठवडाभर टिकते, एवढाच फरक. पेशंट हेच त्यांच्या भाषेत सांगतात. माझ्याकडच्या एक शिक्षिका म्हणाल्या, “डोक्यातला खाण्याचा धोशा थांबला हो. शाळेत फळ्यावर लिहितानासुद्धा डब्यात काय आहे ते मनात चालू असायचं, ते बंद झालं.” धोशा औषधाने थांबतो, तर तो स्वभावदोष होता असं म्हणणं कठीण आहे.

या बाईंचं वजन 94 किलो होतं, शुगर, बीपी दोन्ही. डॉक्टरांची चिठ्ठी रीतसर. पेन मात्र त्या घरी नेत नाहीत. एका पेनात चार डोस, आठवड्याला एक. ते माझ्या दुकानातल्या फ्रिजमध्ये, इन्सुलिनच्या खोक्यांमागे, त्यांचं नाव न घालता ठेवलेलं असतं. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की येतात. का, तर घरी सासूबाईंनी आणि जावेने हाच फॉरवर्ड वाचलेला आहे. त्याच सासूबाईंची थायरॉइडची गोळी गेली नऊ वर्षं माझ्याकडूनच जाते. ती शॉर्टकट नाही.

आता ‘चार महिने टोचलं की झालं’. हे वाक्य लिहिणाऱ्याने औषध घेतलेलं माणूस जवळून पाहिलेलं नाही. डोस हळूहळू वाढवावा लागतो. त्याच चाचणीत औषध घेणाऱ्या चौघांतल्या जवळजवळ तिघांना पोटाचा काही ना काही त्रास झाला. मळमळ, उलट्या, जुलाब, नाहीतर उलट बद्धकोष्ठ. पित्ताचे खडे होऊ शकतात, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, म्हणून डॉक्टर डाळ-अंडी-पनीर आणि वजनं उचलायचा व्यायाम मागे लावतात. (जात्याचा उपयोग असलाच तर इथे आहे, दंडांना.) आणि बंद केल्यावर? त्या चाचणीतल्या काहींचं औषध थांबवून वर्षभर लक्ष ठेवलं गेलं. उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत चढला. म्हणजे हा चार महिन्यांचा कोर्स नाही, बीपीच्या गोळीसारखं लांबचं काम आहे. खिशाचंही बघा. मौंजारो, म्हणजे टिर्झेपॅटाइड हे याच कामाचं दुसरं इंजेक्शन, मार्च 2025 मध्ये भारतात आलं तेव्हा सगळ्यात कमी डोसची एक कुपी 3,500 रुपयांना होती, महिन्याला चार. हा शॉर्टकट असेल तर त्यावर टोलनाके फार आहेत.

हे सगळं कशासाठी सोसायचं, याचं उत्तर फोटोत नाही. आधीच हृदयविकार असलेल्या, वजन जास्त पण मधुमेह नसलेल्या 17,604 लोकांवरच्या चाचणीत सेमाग्लुटाइडने हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्र प्रमाण 20 टक्क्यांनी कमी झालं. 2023 मध्ये हे बाहेर आलं. आमच्या शिक्षिकाबाईंना मधुमेह आहे, म्हणजे ही चाचणी नेमकी त्यांच्यासारख्यांवरची नव्हे, पण त्यांचा शनिवारही फोटोसाठी नाही, असल्याच धोक्यांसाठी आहे.

इसबगोल. चांगली वस्तू आहे, पोट साफ होतं, कोलेस्टेरॉल थोडं उतरतं, पाणी भरपूर प्या. पाण्यात फुगून पोट भरल्यासारखं वाटणं आणि आठवडाभर मेंदूला ‘बास’ सांगत राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे.

फॉरवर्डच्या बाजूने एक गोष्ट मी मान्य करते. या इंजेक्शनांचा गैरवापर होतो आहे, आणि मला तो रोज काउंटरवर दिसतो. चिठ्ठी नसताना ‘मैत्रिणीला दिलं होतं तेच द्या’ म्हणणारे येतात. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च 2026 पर्यंतचंच होतं, त्यामुळे दुसऱ्या कंपन्यांच्या स्वस्त भाऊबंदांनी ही रांग वाढणारच. पण गैरवापर करायला कोण येतं, ते नीट बघा. आळशी बाई येत नाही. जिला आयुष्यभर ‘बारीक बाई तीच निरोगी बाई’ हे ऐकवलं गेलंय, ती येते. म्हणजे फॉरवर्डच्या पहिल्या ओळी ज्या गोष्टीवर दात खातात, तिची गिऱ्हाइकं त्याची शेवटची ओळ तयार करते.

माझ्या दुकानाबाहेर वजनकाटा आहे. पुरुष त्यावर हेल्मेट हातात धरून उभे राहतात, आकडा बघतात, उतरतात. बायका उतरतात, चपला काढतात, पर्स खाली ठेवतात, पुन्हा चढतात. काही जणी श्वास सोडून चढतात, जणू हवेचंही वजन लागेल. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 24 टक्के बायका आणि 22.9 टक्के पुरुष जादा वजनाचे निघाले. फरक जेमतेम एका टक्क्याचा, आणि फॉरवर्डमध्ये पुरुष कुठेच नाही. सोसायटीच्या ग्रुपवर तो टाकणाऱ्या काकांचं पोट त्यांच्या आधी दुकानात येतं. त्यांना कुणी जात्याचं चित्र पाठवत नाही. त्याच पाहणीत 18.7 टक्के बायका गरजेपेक्षा कमी वजनाच्या आहेत आणि 57 टक्के बायकांना रक्त कमी आहे. यातली किती जणी बारीक म्हणून निरोगी ठरल्या असतील?

आपल्या भाषेतच दोन्ही आहेत. ‘खात्यापित्या घरची’ हे कौतुक होतं, आणि ‘चवळीची शेंग’ हेही. आता पहिलं टोमणा म्हणून उरलं आहे. असं दुसरीकडेही झालं आहे. फिजी बेटांवर भरलेलं अंग चांगलं मानायचे. तिथल्या नाड्रोगा भागात 1995 मध्ये टीव्ही आला. तेव्हा शाळकरी मुलींमध्ये वजनासाठी उलटी काढणारी एकही सापडली नव्हती. 1998 मध्ये अॅन बेकर या संशोधिकेने पुन्हा विचारलं तेव्हा 11.3 टक्के मुली ते करत होत्या. तीन वर्षं, एक टीव्ही. आपल्या मुलींच्या हातात तर चोवीस तास फोन आहे, आणि त्यातल्या फॅमिली ग्रुपवर मावशी, काका, आत्या.

दिवाळीनंतर एक आई आणि मुलगी आल्या. मुलगी चोवीसची, लग्न तीन आठवड्यांवर. आईने फोन पुढे केला, स्क्रीनवर इंजेक्शनचं नाव. “महिनाभराचं द्या, नंतर नको आहे.” मुलीला काट्यावर उभं केलं. चपलांसकट 52 किलो, उंची पाच फूट दोन इंच. बीएमआय 21. चिठ्ठी नाही म्हणून देणार नाही, आणि चिठ्ठी आणलीत तरी डॉक्टरांना फोन करीन, असं मी सांगितलं. लग्नानंतर लगेच गर्भनिरोधक गोळी सुरू करणार असाल तर टिर्झेपॅटाइड चालू असताना तिचा भरवसा कमी होतो, आणि बाळ हवं असेल तर सेमाग्लुटाइड आधी दोन महिने थांबवावं लागतं, हेही सांगितलं. हे आईला नवीन होतं. मुलगी खाली बघत होती. तिला मधेमधे चक्कर येते, असं बोलता बोलता कळलं. पिशवीत लग्नाआधीच्या तपासण्यांचा रिपोर्ट होताच. हिमोग्लोबिन 9.2.

मी विचारलं, मुळात घाई कशाची? तेव्हा आई म्हणाली, शालूवरचा ब्लाउज साखरपुड्यालाच शिवून घेतलाय, मुद्दाम दोन इंच आत घेऊन. म्हटलं, तेवढी बारीक होईलच. आता दंडात चढत नाही.

मी म्हटलं, आधी डॉक्टरांना हा रिपोर्ट दाखवा, रक्ताची गोळी चालू होईल. आणि टेलरने आत माया ठेवलीय का ते बघा.

“ठेवलीय,” मुलगी पहिल्यांदाच बोलली. “चांगली तीन इंच. टेलरकाका म्हणाले, आईला सांगू नकोस.”