कातळाचा 2001 सालचा भाव

रत्नागिरी शहराच्या हद्दीतली आमची अकरा गुंठे वडिलोपार्जित जमीन यंदा विकली गेली, पेढे वाटून झाले, आणि मग सीएंनी विचारले, "1 एप्रिल 2001 रोजी हिचा रास्त बाजारभाव काय होता?" आजोबांनी मोजलेली किंमत त्यांना नको होती, कारण 2001 पूर्वीच्या मिळकतीला त्या तारखेचा भाव धरता येतो आणि महागाई निर्देशांक 100 वरून 2025-26 च्या 376 वर गेल्यामुळे तेव्हाचे हजार रुपये आज 3,760 मानता येतात. विक्रीतून ही किंमत वजा जाता उरलेल्या नफ्यावर, अशी वाढ धरून 20 टक्के किंवा न धरता साडेबारा टक्के, यांतला जो कमी तो कर. म्हणजे जमीन तेव्हा जितकी महाग ठरेल, तितके आम्ही फायद्यात.

हे कळताच, सकाळी चष्मा कुठे ठेवला ते न आठवणाऱ्या काकांची स्मृती एकाएकी तल्लख झाली. "अरे, गुंठ्याला लाख द्यायला माणसे दारात उभी होती!"

व्हॅल्युअर आले. जांभ्याच्या गडग्यावर उभे राहून त्यांनी उघडा कातळ, त्यातले एकुलते एक रातांब्याचे झाड आणि काकांचा चेहरा असे तिन्ही न्याहाळले, आणि आसपासची त्या काळातली खरेदीखते मागितली. शेजाऱ्याचे एक मिळाले. त्यात लिहिलेल्या किमतीत नुसत्या गडग्याचे चिरेसुद्धा आले नसते. (उरलेली रक्कम खतात कधीच नसते, हे कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, पण ते अहवालात कसे लिहिणार?) शिवाय 2020 च्या वित्त कायद्याने अशी मेख मारून ठेवली आहे की त्या तारखेचे मुद्रांक शुल्काचे मूल्य उपलब्ध असेल, तर आपला भाव त्याच्या वर नेता येत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात दोन खेटे घातल्यावर 2001 चा रेडी रेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला, दर हाती आला. काकांच्या लाखाच्या तो पासंगालाही पुरत नव्हता.

"सरकारला या जमिनीची किंमतच कळली नाही," काका ओटीवर तावातावाने सांगत होते. "सोने होते ते, सोने!"

आत्या कोपऱ्यात फणसाचे गरे सोलत होती. तेलाचा हात तिने फडक्याला पुसला.

"दादा, त्याच सालच्या शिमग्याला माझी हक्कसोडपत्रावर सही घेतलीस, तेव्हा नुसता कातळ आहे म्हणालास ना रे?"

शिमगा मार्चात होता. काकांनी पानाचा डबा पुढे ओढला आणि बराच वेळ सुपारी कातरत राहिले.