सफेद मुसळीवरील लेख आणि आपला आक्षेप

सप्रेम नमस्कार,

कामशक्ती वाढवणारी म्हणून विकल्या जाणाऱ्या सफेद मुसळी या मुळीवरचा माझा लेख म्हणजे आयुर्वेदाची बदनामी आहे, आपल्या आजोबांनी वर्षानुवर्षे दुधातून मुसळी घेतली व त्यांना कधी अपाय झाला नाही, तेव्हा मी लेख मागे घ्यावा, असे आपण कळवले आहे. आजोबांच्या अनुभवावर मला शंका घ्यायची नाही. मात्र त्यांची मुसळी आणि पाकिटावर उधळता घोडा छापून विकली जाणारी पूड एकच, हे आपण गृहीत धरता, आणि माझा आक्षेप नेमका तिथेच होता.

जिच्या शास्त्रीय नावातच आपली बोरिवली आहे, अशी ही वनस्पती पाने सुकल्यावर खणतात. एकेक मुळी सोलून वाळवावी लागते आणि चार-पाच किलो ओल्या मालातून जेमतेम किलोभर सुका माल निघतो. म्हणूनच स्वस्त मुसळीत शतावरीच्या जातकुळीतल्या दुसऱ्याच मुळ्या असण्याचा संभव मोठा. त्याहून घातक भेसळ रासायनिक औषधाची आहे. वनौषधी म्हणून विकल्या गेलेल्या कामोत्तेजक गोळ्यांत सिल्डेनाफिल (व्हायग्रातले औषध) आढळल्याचे इशारे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वारंवार दिले आहेत. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्याच्या पोटात ते नकळत गेले, तर रक्तदाब एकदम उतरून जिवावर बेतते.

राहिला ग्रंथांचा दाखला. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, म्हणजे उपचारांच्या भागात, वाजीकरण (कामशक्ती वाढवण्याचे उपचार) येते ते दुसऱ्या अध्यायात, रसायन म्हणजे शरीर बळकट ठेवणाऱ्या उपचारांनंतर. आणि तिथेही शरीर शुद्ध झाल्यावर, योग्य वेळी, बेताने घ्यावे असेच सांगितले आहे. झोपताना दोन चमचे आणि सकाळी चमत्कार, हे चरकाचे नव्हे, जाहिरातदाराचे शास्त्र आहे. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, ही गोष्ट वेगळी.

आपली एक दुरुस्ती मात्र योग्य आहे. 'माणसांवर अभ्यासच नाहीत' हे माझे विधान सरसकट होते. प्रयोग बहुतांशी उंदरांवर झाले असून माणसांवरचे थोडे व लहान आहेत, असे मी आता लेखात लिहिले आहे.

लेख मागे घेणार नाही, कारण ज्या परिच्छेदाला आपण 'घाबरवणे' म्हणता, तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यात म्हटले आहे ते असे: लिंगाला ताठरता न येणे ही मधुमेहाची किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होत असल्याची पहिली खूण असू शकते. लाजेपोटी पूड खात वर्ष घालवणाऱ्याची साखर त्या वर्षभरात कोणीच तपासलेली नसते.

आपला,
लेखक