फोन विकायची गरज नाही

नव्या पेठेतल्या आमच्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ‘सरकारी पोस्ट काढायची असेल तर स्मार्टफोन विका, बटणांचा फोन घ्या. सेटिंग बदलणं ही नुसती मनाची समजूत, अ‍ॅपला लावलेला टायमर काढताही येतो. ज्याचा मनावर ताबा नाही त्यानं परीक्षा देऊच नये.’ तो वाचून माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी रडवेली झाली, म्हणून लिहितोय.

आधी शेवटचं वाक्य, कारण लागतं ते तेच. छापील पान संपतं तिथे हात आपोआप थांबतो. कितीही सरकवलं तरी न संपणारं पान २००६ मध्ये एझा रास्किन या डिझायनरनं तयार केलं, आणि पुढे त्याबद्दल स्वतःच जाहीर खंतही व्यक्त केली. थांबायची जागाच काढून टाकलेल्या वस्तूपुढे दिवसभर राज्यघटना आणि अर्थशास्त्र वाचून थकलेला मुलगा हरला, तर त्याचं चारित्र्य कशाला काढता?

बटणांचा फोन. ज्याला जमतो त्यानं जरूर वापरावा. पण मेसचे पैसे भिंतीवरचा क्यूआर स्कॅन करून द्यायचे, चालू घडामोडींच्या पीडीएफ टेलिग्रामवर, टेस्ट सिरीजचे निकाल अ‍ॅपवर. साध्या फोनवरून पैसे द्यायला २०२२ मध्ये यूपीआय १२३पे आलं हे खरं, पण त्या फोननं पीडीएफ वाचता येत नाही. माझ्या रूम पार्टनरनं फोन विकला होता. पंधरा दिवसांत तो रात्री माझाच फोन मागायला लागला, आणि मग आमच्या दोघांचीही झोप गेली.

सेटिंगनं काही होत नाही, हे तर साफ चूक. अँड्रॉइड १३ पासून नवीन अ‍ॅपला नोटिफिकेशन पाठवण्याआधी परवानगी विचारावी लागते. आपण घाईत ‘हो’ दाबतो. मी एकदा बसून फोन, बँक आणि एसएमएस सोडून सगळ्यांची परवानगी काढली. गावाकडून अचानक फोन आला तर, ही धास्ती मलाही होती. फोन गप्प ठेवणाऱ्या ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये आईचा नंबर सूट दिलेल्यांत टाकता येतो. शिवाय तीच व्यक्ती पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन करत असेल तर तो वाजू द्यायची सोयही अँड्रॉइडमध्ये आहे. आईला सांगून ठेवलंय, तातडीचं असेल तर लागोपाठ दोनदा लाव.

फोनचा मोह कमी व्हावा म्हणून स्क्रीन काळी-पांढरी केली, त्यानं मला फारसा फरक पडला नाही. कुणाला पडत असेल.

टायमर काढता येतो, हे मात्र शंभर टक्के खरं. मीही काढायचो. म्हणून रील्सचं अ‍ॅपच उडवलं. पाहायचंच झालं तर ब्राउझरमधून, आणि दर वेळी लॉगआउट. पासवर्ड सोळा अक्षरांचा, पाठ न केलेला, एका वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेला. ती वही रूमवर पेटीत असते. अभ्यासिकेतून उठून, दोन गल्ल्या चालून, तीन जिने चढून ती काढायला मी आजवर एकदाच गेलोय.

त्या मुलीच्या फोनवर काल संध्याकाळी चहाच्या टपरीवर हे सगळं करून दिलं. वीस मिनिटं लागली. तिचा पासवर्ड तिच्या मैत्रिणीनं लिहून घेतलाय.