घामातून दारू उतरत नाही

परवा ग्रुपवर मेसेज आला. "गटारी शनिवारीच उरकू. रविवारी सकाळी सिंहगड चढून उतरवू." खाली धडाधड अंगठे. दोन वर्षांपूर्वी त्यात पहिला अंगठा माझा असता.

हे "चढून उतरवणं" मी सात-आठ वर्षं इमानेइतबारे केलंय, म्हणून जरा लांबलचक लिहितोय. ज्यांना उपदेश वाटेल त्यांनी खुशाल पुढं सरकावं. मी दारू सोडलेली नाही, त्यामुळे उपदेश करायचा अधिकार तसाही नाही.

आमचा कार्यक्रम ठरलेला असायचा. शनिवारी रात्री दहाच्या सुमाराला बसायचं. माणशी एक क्वार्टर, खारे शेंगदाणे, मसाला पापड, शेवटी तंदुरी. साडेबाराला घरी, पाचचा गजर, आणि उजाडायच्या आत बाइकवरून सिंहगडाच्या पायथ्याची आतकरवाडी. पहिल्या चढालाच घाम निथळायला लागला की कुणीतरी म्हणणारच, "बघ, निघतेय सगळी!" टी-शर्ट पिळून दाखवणारे महाभागही आमच्यात होते.

निघत काही नसते. घाम, श्वास आणि लघवी मिळून दारूचा अगदी थोडा भाग बाहेर पडतो. बाकी नव्वद टक्क्यांहून जास्त काम लिव्हरच्या गळ्यात, आणि ते आपल्याच चालीनं चालतं. तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल. तुम्ही धावा, दोरीच्या उड्या मारा, लिंबू पिळा, काळी कॉफी ढोसा, त्याला घाई नाही. आता हिशोब बघा. १८० मिलीची क्वार्टर, त्यात ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे वजनात साठ ग्रॅम. ते संपायला सहा ते साडेआठ तास. दहाला बसलेला माणूस पाच वाजता बाइकवर टांग टाकतो तेव्हा त्याच्या रक्तात रात्रीची थोडीफार असूच शकते. गाडी चालवायला कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. मी कधी पकडला गेलो नाही, यात माझं कर्तृत्व शून्य.

"मी बाबा फक्त बीअर घेतो" म्हणणाऱ्यांनीही हसू नये. ६५० मिलीची आठ टक्क्यांची स्ट्राँग बाटली म्हणजे एक्केचाळीस ग्रॅम अल्कोहोल. तीस मिलीच्या चार पेगांइतकं. हे आमच्यातल्या एकाला पटवायला मला टिश्यू पेपरवर गणित मांडावं लागलं, तरी त्यानं दुसरी मागवलीच.

माझी ट्यूब पेटली ती मनगटावरच्या घड्याळामुळे. बायकोनं वाढदिवसाला दिलेलं, झोपेतले हृदयाचे ठोके मोजणारं. एरवी रात्रीचा आकडा ५८ च्या आसपास. रविवारी सकाळी मात्र ७१, ७२. मला आधी वाटलं घड्याळच गंडलंय. मग श्रावण लागला. आईसाठी श्रावणात मी पीत नाही, ही जुनी तडजोड. चारही रविवारी आकडा ५७-५८ वरून हलला नाही.

त्याच श्रावणातली गोष्ट. अर्ध्या वाटेवर एक ताकाची टपरी आहे. तिथं मी वर्षानुवर्षं थांबायचो. थांबायचो कसला, बसायचोच, गुडघ्यांवर हात ठेवून. त्या रविवारी बोलण्याच्या नादात पुढं निघून गेलो. मागून मावशींची हाक आली, "आज थांबायचं न्हाई व्हय, दादा?" वर पोचून बघितलं तर बावन्न मिनिटं. एरवी सत्तर लागायची. पाय तेच, वाट तीच, वजनसुद्धा तेवढंच. बदलला होता तो शनिवार.

मग हात धुऊन मागेच लागलो आणि वाचत सुटलो. दारूनं झोप लवकर लागते हे खरं, पण उत्तररात्री ती तुटत राहते, आणि व्यायामानंतरची अंगाची डागडुजी व्हायची ती झोपेतच. लघवीला आवर घालणारं एक हार्मोन असतं, दारू ते दाबते. त्यामुळे रात्री चार फेऱ्या, आणि गडाच्या पायथ्याशी आपण आधीच सुकलेले. जिमवाल्यांसाठी खास माहिती: २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी आठ तरुणांना दमवणारा व्यायाम करायला लावला आणि नंतर दारू पाजली. वर प्रोटीन दिलं तरी स्नायूंची बांधणी २४ टक्क्यांनी मंदावली, प्रोटीनऐवजी पिठूळ-गोड दिलं तेव्हा ३७ टक्क्यांनी. डोस दणदणीत होता, हे प्रामाणिकपणे सांगतो. सत्तर किलोच्या माणसाला पावणेदोन क्वार्टर. एवढी सगळे पीत नाहीत. पण "शेक घेतलाय ना, मग चालतंय" हा जो दिलासा असतो, तो तिथंच संपला.

सगळ्यात घाबरवलं ते साखरेच्या भानगडीनं. लिव्हर दारूच्या मागं असताना नवीन साखर तयार करायचं काम मागं पडतं, आणि रक्तातली साखर घसरू शकते. रात्री अर्धवट जेवलेले, सकाळी उपाशीपोटी, आणि वर सहाशे मीटरचा चढ. एकदा आमच्यातला एकजण वळणावर मटकन खाली बसला. हात थरथरताहेत, कपाळावर गार घाम. बिस्किटं कोंबली, पंधरा मिनिटांनी उठला. आम्ही त्याला "काय रे, एवढ्यात चढली?" म्हणून महिनाभर पिडलं. आता आठवलं की पोटात गोळा येतो. सुट्टीला भरपूर पिऊन हृदयाची लय बिघडलेले रुग्ण बघून अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९७८ साली त्या प्रकाराला "हॉलिडे हार्ट" असं नावच देऊन टाकलं होतं. आमची सुट्टी दर आठवड्याला यायची.

तसे दारू आणि अंगमेहनतीबद्दलचे गैरसमज आपल्या एकट्याचे नाहीत. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकलेल्या थॉमस हिक्सला पळता पळता ब्रँडी, अंड्याचा पांढरा बलक आणि चक्क स्ट्रिक्निन नावाचं विष देत होते, ताकद यावी म्हणून! शेवटी त्याला धरधरून रेषेपार न्यावं लागलं. आणि थंडीतल्या ट्रेकला "रमनं गरमी येते" म्हणून हाफ खिशात ठेवणारे अजून आहेतच. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या फुगतात म्हणून गरम वाटतं. उलट अंगातली ऊब त्यातूनच निघून जाते.

प्यायची की नाही, ज्याचं त्यानं ठरवावं. माझी तक्रार फक्त त्या "उतरवू"वर आहे. शनिवारी बसलात तर रविवारी निवांत लोळा, खिचडी खा, पाणी प्या. संध्याकाळी पाय मोकळे करा. पण रात्रीचं पाप सकाळच्या चढानं फेडायला जाऊ नका.

ग्रुपवर उत्तर टाकलंय, "शनिवारी बसायला येतो, रविवारी गडावर नाही."

लगेच रिप्लाय आला, "अरे, मग तुझी उतरणार कशी?"